खाण्यातली चूक कोणाची? आपली, कंपनीची की सरकारची, हे ठरवायचं कसं

वजन वाढलं, शुगर वाढली की पहिलं वाक्य ठरलेलं, "तोंडावर ताबा नाही." आणि आपणही ते निमूट मान्य करतो, मग दोन दिवस कडक डाएट, तिसऱ्या दिवशी परत पाकीट फोडलेलं आणि वर मनाला लागून राहतं ते वेगळंच. मी हे कितीतरी वर्षं केलंय. उलट काही जण सगळं खापर कंपन्यांवर फोडून मोकळे होतात आणि हातातलं पाकीट मात्र संपवतात. दोन्हीनं काही हाती लागत नाही. आता मी आधी वाटणी करते, यातलं माझं काम कुठलं, कंपनीचं कुठलं, कायद्याचं कुठलं, आणि मग ज्याचं काम त्याच्या मागे लागते. ते कसं करायचं तेच सांगते.

वाटणीला दोन प्रश्न पुरतात. मला हे कळू शकलं असतं का? आणि कळूनही टाळायला खरंच वाव होता का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर जबाबदारी आपली, कारणं सांगत बसायचं नाही. एकाचं जरी नाही आलं तर तिथे नियम हवा, तिथे माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

ट्रान्स फॅटचंच बघा. तेलावर कारखान्यात प्रक्रिया होताना तयार होणारी ही चरबी हृदयाला घातक, पण ती डोळ्यांना दिसत नाही, चवीवरून कळत नाही, बेकरीतल्या सुट्या मालावर तर लेबलसुद्धा नसतं. इथे ग्राहकाने काय कपाळ सांभाळायचं? डेन्मार्कने 2003 मध्ये सरळ कायदा केला, 100 ग्रॅम चरबीत औद्योगिक ट्रान्स फॅट 2 ग्रॅमच्या वर चालणार नाही. लोकांना काही शिकावं लागलं नाही, काही सोडावं लागलं नाही, माल बदलला. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच देशांना ही चरबी अन्नातून काढून टाकायला सांगितलं.

आता "ताबा" या शब्दाबद्दल, कारण सगळी गाडी तिथेच अडते. 2019 मध्ये एक प्रयोग छापून आला, त्यात अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या टीमने 20 जणांना आरोग्य संस्थेतच मुक्कामाला ठेवलं होतं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं जेवण आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्ही वेळा ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, फायबर जवळपास सारखं, आणि सांगितलं एवढंच की हवं तेवढं खा. प्रक्रिया केलेल्या जेवणावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच कमी झालं. माणसं तीच होती, त्यांचा मनावरचा ताबाही तोच होता, बदललं ते फक्त समोरचं अन्न. प्रयोग छोटा आहे हे खरं, पण मी हे वाचलं त्या दिवसापासून स्वतःला शिव्या देणं बंद केलं आणि पाकिटाकडे बघायला लागले.

मग पाकिटाकडे बघायचं कसं? समोरची बाजू वाचायचीच नाही. "नैसर्गिक", "मल्टिग्रेन", "एनर्जी", "व्हिटॅमिनयुक्त" ही जाहिरात आहे, माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. तिथेही आधी सर्व्हिंगचा, म्हणजे कंपनीने एका वेळचं धरलेल्या प्रमाणाचा, आकडा शोधा, कारण खरी गंमत तिथेच केलेली असते. समजा अर्ध्या लिटरची गोड पेयाची बाटली आहे आणि लेबलवर सर्व्हिंग 250 मिली म्हणून 26.5 ग्रॅम साखर लिहिलीय. वाचणाऱ्याला वाटतं ठीक आहे. पण बाटली कोणी अर्धी पिऊन ठेवत नाही, एकच माणूस ती पूर्ण पितो आणि साखर होते 53 ग्रॅम, म्हणजे साधारण 13 चमचे (चहाचा एक चमचा 4 ग्रॅम धरा). जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी चांगलं. 2000 कॅलरीच्या हिशोबाने ते 50 आणि 25 ग्रॅम होतात. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला आणि पोट भरलंच नाही. म्हणून मी सर्व्हिंगचा रकाना सोडूनच देते, 100 ग्रॅमचा किंवा 100 मिलीचा आकडा बघते आणि मी खरंच किती खाणार आहे त्याने गुणते.

मिठाचं जरा फसवं असतं कारण बरेचदा लिहितात सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे शंभर ग्रॅमचं पाकीट एका बैठकीत संपलं तर चाळीस टक्के तिथेच गेलं. चवीला खारट लागत नसलेल्या ब्रेड बिस्किटातही मीठ असतं हे लक्षात ठेवा.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर पहिल्या नंबरवर दिसू नये म्हणून ती तुकड्यांत विभागता येते, थोडी साखर, थोडं ग्लुकोज सिरप, थोडं डेक्स्ट्रोज, थोडा फळांच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट. एकाच यादीत असे तीन चार प्रकार दिसले तर मनातल्या मनात त्यांची बेरीज करून वर आणून ठेवा, मग पदार्थाचं खरं नाव कळतं.

एवढं झालं की आपल्या वाट्याचं काम बहुतेक दुकानातच उरकतं. घरात पाकीट आलं की रात्री अकरा वाजता मनाशी भांडावं लागतं, आलंच नाही तर भांडण नाही. पोट भरलेलं असताना खरेदीला जा, यादी करून जा, आणि "घरात कोणी आलं तर असू दे" म्हणून काही घेऊ नका, ते कोणी येईपर्यंत टिकत नाही. एवढं तर आपल्याच हातात आहे.

मुलांचा विषय मात्र वेगळा, तिथे मी अजिबात नमतं घेत नाही. माझी मुलगी साडेचार वर्षांची होती, वाचता येत नव्हतं, पण दुकानात खालच्या फळीवरचा नाश्त्याच्या सीरियलचा डबा बरोबर उचलून आणला कारण त्यावर तिचं लाडकं कार्टून होतं. मी डबा उलटा केला, पीठाच्या खालोखाल साखर. तिला काय सांगणार? डबा मुद्दाम तिच्या उंचीवर ठेवलेला, चित्र तिच्यासाठी काढलेलं, आणि वर म्हणायचं आईबापांनी लक्ष ठेवावं. लक्ष ठेवतोच की, पण समोर पगारी माणसं बसून लेकराला पटवत असतील तर ही बरोबरीची लढाई नाही. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात 1980 पासून 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिराती करायला बंदी आहे. चिलीने 2016 पासून साखर, मीठ, चरबी, कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, शिक्का आला की कार्टून काढायचं आणि शाळेत विकायचं नाही. लहान मुलालाही शिक्का ओळखता येतो, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

कंपन्या स्वतःहून सुधारतील, कायदा कशाला, असं कोणी म्हणालं तर ब्रिटनचं उदाहरण द्या. तिथे 2016 मध्ये जाहीर केलं की 2018 पासून गोड पेयांवर कर, 100 मिलीत 5 ग्रॅमपासून कमी दराने आणि 8 ग्रॅमपासून जास्त दराने. कर लागू व्हायच्या आधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर 5 ग्रॅमच्या खाली आणली. म्हणजे करणं शक्य होतं, कोणी मागितलं नव्हतं इतकंच. आणि स्वतःहून काय करतात तेही नोंदलेलं आहे, 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले आणि 1967 मध्ये हृदयरोगाचा ठपका साखरेऐवजी चरबीवर ठेवणारा लेख छापून आला, पैसे कोणी दिले ते त्यात लिहिलेलं नव्हतं. ही कागदपत्रं 2016 मध्ये उजेडात आली. म्हणून "संशोधनाने सिद्ध" वाचलं की खाली पैसे कोणाचे ते बघायची सवय लावा.

पण सगळेच नियम चांगले असतात असं मी म्हणणार नाही. डेन्मार्कनेच 2011 मध्ये सॅच्युरेटेड फॅटवर (लोणी, चीज, मांस यांत असते ती चरबी) कर लावला आणि सव्वा वर्षात काढून टाकला, लोक शेजारच्या देशात जाऊन खरेदी करत होते. गोड पेयांच्या करावरचा एक आक्षेप मला पटतो, गरीब माणसाच्या खिशाला तो जास्त लागतो. त्यामुळे नियमाला पाठिंबा देताना विचारा की बोजा खाणाऱ्यावर पडतोय की बनवणाऱ्यावर, आणि जमलेला पैसा जातो कुठे. लेबल, मुलांच्या जाहिराती, ट्रान्स फॅटची मर्यादा, यांत ग्राहकाच्या खिशाला सहसा हात लागत नाही, म्हणून माझी मागणी आधी त्यांची असते.

मागायचं कसं? मुलांच्या शाळेपासून सुरुवात करा, उपाहारगृहात काय विकतात त्याची यादी लेखी मागा, पालकसभेत तोंडी बोललेलं हवेत जातं. सरकार अन्नाच्या नियमांचा मसुदा काढून हरकती मागवतं तेव्हा उद्योगांची पत्रं ढिगाने जातात आणि सामान्य माणसाचं क्वचित, चार ओळी का होईना पण आपल्या शब्दांत लिहा, छापील नमुना पाठवू नका. आणि पाकिटावरचा दावा खोटा वाटला तर तुमच्याकडच्या अन्न सुरक्षा खात्याकडे तक्रार करा, पुढची मागची दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर, तारीख, बिल, आणि नेमकं कुठलं वाक्य चुकीचं आहे ते एका ओळीत, बाकी संताप गाळून टाका. पाकीट फेकू नका. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, महिनाभरात उत्तर आलं नाही तर तोच नंबर टाकून परत लिहा.