तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरच्या एका पेशंटच्या पोटातलं पाणी माझ्या हाती आलं. लिटरभर असेल, पिवळसर, जरासं गढूळ. नुकतंच काढलेलं, त्यामुळे बाटली हाताला कोमट लागत होती. वर फक्त नंबर आणि तारीख. सेंट्रिफ्यूज करून पेशी फ्लास्कमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी काही तळाला चिकटल्या होत्या आणि वर गुच्छच्या गुच्छ तरंगत होते. चिकटते ती जिवंत, तरंगते ती मेलेली, हे एमएस्सीपासून डोक्यात पक्कं बसलेलं. मीडिया, म्हणजे पेशींना वाढवणारा द्रव, बदलताना मी वरचं सगळं ओढून ब्लीचमध्ये टाकलं.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या हूडवरची ताई म्हणाली, "अगं थांब, ट्रिपॅन ब्लू घालून बघ तरी." मेलेल्या पेशीत हा निळा रंग शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाही. मायक्रोस्कोपखाली गुच्छ स्वच्छ, चकचकीत. कडेला चार-दोन निळे ठिपके. पुढे स्टेनिंग केलं, म्हणजे ठरावीक प्रोटीनं रंगवून पाहिली, तेव्हा उरलेलं कळलं. गुच्छांवर पॅक्स-८ हे अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींत दिसणारं प्रोटीन आलं, म्हणजे कॅन्सर तिथे होता. तळाला चिकटलेल्या बहुतेक पेशींवर कॅलरेटिनिन हे अस्तरपेशींची खूण असलेलं प्रोटीन आलं. त्या पोटाच्या आतल्या अस्तराच्या होत्या. मी इतके दिवस जपलं ते अस्तर. एका बाईने आजारपणात सही करून दिलेलं ते पाणी होतं, परत मिळणारं नव्हतं. त्याची टोचणी अजून आहे.

म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी आधी या गुच्छांबद्दलच सांगते. शरीरातली साधी अस्तरपेशी जागेवरून सुटली की स्वतःला संपवते. याला 'अॅनॉइकिस' म्हणतात. 1994 साली ग्रीकमधल्या 'बेघर' अशा अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडलं. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशी सुटल्यावर एकमेकींना धरून राहतात. शेजारणीकडून जगण्याचे सिग्नल मिळतात, गुच्छाच्या आत ऑक्सिजन कमी असतो, विभाजन मंदावतं. पॅक्लिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन या औषधांचा मारा मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर, त्यामुळे निवांत बसलेली पेशी बऱ्याचदा वाचते. जागा मिळाली की चिकटते आणि पुन्हा वाढू लागते. यासाठी दर वेळी नवं म्युटेशन लागत नाही. तीच पेशी रूप बदलते आणि परतही येते. हे मनात नीट ठसायला मला वर्ष लागलं.

जागा तरी कोणती? 1984 मध्ये आलेला एक अभ्यास जरूर वाचा. जलोदर, म्हणजे पोटात पाणी साठण्याचा त्रास, झालेल्या काही कॅन्सर पेशंटना आराम पडावा म्हणून पोटातलं पाणी नळीने थेट शिरेत सोडत. म्हणजे कॅन्सरच्या असंख्य जिवंत पेशी रक्तात जात होत्या. तरी अनेकांच्या फुप्फुसात गाठी झाल्याच नाहीत. पेशी पोचली म्हणजे रुजली असं नाही. पोटात मात्र आतड्यांवर पदरासारखं पसरलेलं चरबीचं ओमेंटम आहे, आणि तिथे या पेशी फार लवकर रुजतात. 2011 साली शिकागोच्या संशोधकांच्या गटाने दाखवलं, की तिथल्या चरबीच्या पेशी त्यांना ओढून घेतात आणि स्वतःची स्निग्धाम्लं खायला देतात. चरबीशेजारी वाढवलेल्या पेशींत तेलाचे थेंब साठलेले मायक्रोस्कोपखाली दिसतात. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता कामाचं. लॅबच्या फ्रीझरमध्ये एसकेओव्ही-३ ही सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी) असते म्हणून तिच्यावरच प्रोजेक्ट बेतू नका. 2013 मध्ये 47 सेल लाइन्स खऱ्या ट्यूमरशी ताडून पाहिल्या, तेव्हा सर्वांत जास्त वापरली जाणारी ही लाइन आणि ए-२७८०, दोन्ही हाय-ग्रेड सीरस या अंडाशयाच्या कॅन्सरच्या प्रमुख प्रकाराशी नीट जुळल्या नाहीत. कुरामोची, ओव्हीसाहो या लाइन्स जास्त जवळच्या निघाल्या. त्या हळू वाढतात, धीर धरावा लागतो. लाइन कुठूनही आणा, पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या रिपॉझिटरीतून किंवा मित्राच्या लॅबमधून. एसटीआर (लाइन तीच आहे ना, हे सांगणारी डीएनए चाचणी) आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत नकळत शिरणारे जिवाणू) तपासल्याशिवाय एकही प्रयोग लावू नका.

गुच्छ वाढवायला पेशी चिकटू न देणाऱ्या प्लेट मिळतात, पण त्या महाग असतात. साध्या प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) जेलीसारख्या दीड टक्का अॅगरोजचा थर घातला तरी गुच्छ छान बनतात; फक्त गरम असतानाच भराभर ओता, नाहीतर थर वाकडा बसतो आणि गुच्छ एका कडेला गोळा होतात. गुच्छ उचलताना पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून घ्या, बारीक तोंडातून ते फुटतात. आणि औषधाचा डोस सपाट पेशींवर ठरवून तोच गुच्छांवर लावू नका, दोन्हींचा वेगळा काढा.

पेशंटचं पाणी आलं, की पेशी खाली बसल्यावर वरचं पाणीही मी आता छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे 80 अंशांना ठेवते. गुच्छ वाढवताना मीडियात त्यातलंच थोडं घालते, कारण त्या बाईच्या पोटात त्या पेशी याच पाण्यावर जगत होत्या.