नवीन चिपवर एसडी कार्ड चालू करायचंय? ड्रायव्हर लिहायच्या आधी हे करा

नवीन प्रोसेसरचा बोर्ड आला, सिरीयलवर लिनक्सचा लॉग पळायला लागला आणि शेवटी रूट पार्टिशनची वाट बघत सगळं थांबलं, म्हणजे कार्डच सापडत नाहीये. अशा वेळी लगेच नवीन ड्रायव्हर लिहायला बसू नका. कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे चिपमधला कार्डाशी बोलणारा भाग, चिप कंपनीने पुष्कळदा बाहेरून विकत घेतलेला असतो आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एमएमसी होस्ट फोल्डरमध्ये आधीच असतो. उदाहरणार्थ लिची पाय ४ए वरची टीएच१५२० आणि मिल्क-व्ही डुओ वरची सीव्ही१८००बी, कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींत सिनॉप्सिसचा डिझाइनवेअर कंट्रोलर आहे आणि एकाच ड्रायव्हर फाइलवर चालतात. उलट रॉकचिपच्या आरके३५६८ मध्ये ईएमएमसीला (बोर्डावरच बसवलेल्या मेमरीला) एक कंट्रोलर आणि एसडी स्लॉटला दुसराच, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दोन्हींची रजिस्टर्स (कंट्रोलरचे सेटिंगचे कप्पे) वेगवेगळी बघा. हेक्स ४० ऑफसेटला कॅपॅबिलिटीज (कंट्रोलरला काय काय जमतं त्याची नोंद) दिसल्या की तो एसडीएचसीआय, म्हणजे एसडी कंट्रोलरच्या ठरलेल्या मानकाच्या, प्रकारचा समजायचा, मग अर्धं काम झालंच.

आता जवळचा ड्रायव्हर उघडा, त्याच्या मॅच टेबलमध्ये तुमच्या चिपची कंपॅटिबल स्ट्रिंग (ज्या नावावरून कर्नल ड्रायव्हर निवडतो) घाला, आणि तिला स्वतःचा ऑप्स (त्या चिपसाठीची फंक्शन्स) आणि क्वर्क्सचा (हार्डवेअरच्या खोडी सांगणाऱ्या खुणांचा) स्ट्रक्चर द्या. फरक शक्यतो तिथेच राहू द्या, कॉमन कोडमध्ये "ही चिप असेल तर" असे इफ पेरू नका, पुढच्या माणसाला फार त्रास होतो. डिझाइनवेअरवाला असेल तर एक गोष्ट विसरू नका, त्याचा एक डीएमए डिस्क्रिप्टर (प्रोसेसरशिवाय डेटा कुठून किती हलवायचा ते सांगणारी नोंद) १२८ एमबीची सीमा ओलांडू शकत नाही, म्हणून तिथे ट्रान्सफरचे दोन तुकडे करायला लागतात, तो कोड त्या फाइलमध्ये तयार आहे, फक्त तुमच्या ऑप्समध्ये जोडा.

सगळ्यात जास्त वेळ क्लॉकवर द्या. कार्डाची ओळख जास्तीत जास्त ४०० किलोहर्ट्झवर होते, आणि कॅपॅबिलिटीजमध्ये बेस क्लॉक चुकीचा लिहिलेला असेल तर डिव्हायडरचं (बेस क्लॉकला भागून कार्डाचा क्लॉक काढणाऱ्या भागाचं) गणितच बिघडतं, ड्रायव्हर समजतो ४०० आणि पिनवर निघतं भलतंच. असं असेल तर बेस क्लॉक ब्रोकन वाला क्वर्क लावा आणि खरा आकडा कर्नलच्या क्लॉक फ्रेमवर्ककडून घ्या. डीबगएफएसमधली (कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमधली) आयओएस फाइल, जिच्यात चालू क्लॉक आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं, बघाच, पण ती सॉफ्टवेअरचं मत सांगते, खरं काय ते ऑसिलोस्कोपच सांगतो. मी एकदा दोन दिवस कोड वाचत बसलो होतो आणि प्रोब लावल्यावर दहा मिनिटांत चूक सापडली.

डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) सुरुवातीला कमीच मागा. बस विड्थ ४, कार्ड डिटेक्टची पिन, पॉवरचे रेग्युलेटर, आणि १.८ व्होल्ट नको म्हणणारी प्रॉपर्टी. कमांड आणि डेटा लाइन्सना पुल-अप आहेत ना तेही पिन सेटिंगमध्ये बघा. लॉगमध्ये उणे ११० आलं तर टाइमआउट, म्हणजे आधी पॉवर, क्लॉक, पिन तपासा. उणे ८४ म्हणजे सीआरसी (डेटा बरोबर आला का ते तपासणारा आकडा) चुकला, कार्ड बोलतंय पण सिग्नल किंवा टायमिंग गडबडलंय.

२५ आणि मग ५० मेगाहर्ट्झवर मोठ्या फाइल्स कॉपी करून चेकसम जुळले की मगच यूएचएसला (कार्डाच्या जास्त वेगाच्या मोड्सना) हात लावा. त्यातल्या एसडीआर१०४ ला २०८ मेगाहर्ट्झ, १.८ व्होल्ट आणि ट्यूनिंग (डेटा वाचायचा नेमका क्षण शोधणं) लागतं. इथली खरी अडचण रीबूटला येते. एकदा १.८ वर गेलेलं कार्ड पॉवर काढल्याशिवाय ३.३ वर परत येत नाही, म्हणून बोर्डावर कार्डाची पॉवर कायम चालू असेल तर रीबूटनंतर बूट रॉमला (चिपमधल्या सगळ्यात आधी चालणाऱ्या कोडला) ते उत्तरच देत नाही आणि बोर्ड गप्प बसतो. अशा बोर्डावर यूएचएस सरळ बंद ठेवा. पॉवर स्विच असेल तर कार्ड न काढता वीसेक वेळा रीबूट करून बघा, आणि पॅच पाठवायच्या आधी बाइंडिंगची (डिव्हाइस ट्रीमध्ये काय लिहायचं त्याच्या नियमांची) यॅमल फाइल चेक करून घ्या.