कारण सापडत नसलेली गुडघ्याची सूज: फिजिओथेरपिस्टने तपासणी कशी करावी

उपचार सुरू असताना रुग्णाचा गुडघा सुजला, की खापर बहुधा व्यायामावर फुटते. ते तसे फोडण्याआधी सूज नेमकी कधी आली, हे खोदून विचारावे. दुखापतीनंतर दोनेक तासांतच गुडघा टम्म फुगला असेल, तर सांध्यात रक्त साचल्याची शक्यता मोठी असते आणि त्यामागे एसीएल (गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध) तुटणे, वाटी निखळणे किंवा हाड मोडणे असू शकते. सूज दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू चढली असेल, तर मेनिस्कसची (गुडघ्यातील हाडांमधल्या कूर्चेच्या गादीची) इजा अधिक संभवते. दुखापत आठवतच नसेल, तर झीज, गाऊट (सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचून येणारी सूज), आमवात आणि जंतुसंसर्ग यांचा विचार करावा लागतो.

त्यानंतर सूज सांध्याच्या आत आहे की बाहेर, हे हातांनी ठरवावे. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा सरळ व मांडी सैल ठेवावी. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर दोन-तीनदा दाबत न्यावा, म्हणजे तिथले पाणी वर सरकते. मग बाहेरच्या बाजूने हात वरून खाली आणताना आतल्या खळग्याकडे नजर ठेवावी. तिथे छोटी लाट उमटली, तर सांध्यात पाणी आहे. पाणी फार असेल, तर ते वर सरकतच नाही आणि लाट दिसत नाही, म्हणून लाट नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. फुगवटा फक्त वाटीच्या समोर असेल, तर तो बहुधा तिथल्या बर्साचा (त्वचेखालच्या द्रवाच्या छोट्या पिशवीचा) असतो.

गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण मानू नये. खुब्याचे दुखणे मांडीतून गुडघ्यात जाणवते. विशेषतः वाढीच्या वयातील मूल लंगडत असेल आणि खुबा आत वळवताना अडत असेल, तर मांडीच्या हाडाचे डोके सरकल्याचा संशय घेऊन त्या पायावर भार देणे थांबवावे व त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

गुडघा गरम व लाल असेल आणि जराशा हालचालीनेही असह्य दुखत असेल, तर व्यायाम बंद करून रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असे धरून चालू नये. सांध्यातले पाणी काढून त्यातील पेशी, स्फटिक आणि जंतू तपासल्यावरच गाऊट की संसर्ग, याचा निकाल लागतो. पोटरीही सुजली असेल, तर ती गुडघ्यामागची बेकर सिस्ट (सांध्यातल्या पाण्याची गाठ) फुटल्याने आहे की शिरेत गुठळी झाल्याने, हे हाताने कळत नाही. डॉप्लर तपासणी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) होईपर्यंत मालीश करू नये. विश्रांतीतही न थांबणारे, रात्री वाढत जाणारे दुखणे, विशेषतः किशोरवयात, एक्स-रेशिवाय सोडू नये.

हे सगळे बाजूला पडले, तरच व्यायामाच्या भाराकडे वळावे. सांध्यात थोडेसे पाणी असले तरी मांडीचा पुढचा स्नायू दबून राहतो, त्यामुळे पाय सरळ उचलता न येणे हे पुष्कळदा सुजेचे कारण नसून तिचा परिणाम असते. अशा वेळी भार वाढवणे मला चुकीचे वाटते. प्रत्येक सत्राआधी आणि दुसऱ्या दिवशी वाटीच्या मध्यावर टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजून नोंदवावा, आणि व्यायामानंतर सूज वाढली किंवा दुखणे 24 तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या सत्रात वजन व आवर्तने कमी करावीत.