गोळी नऊची ती नऊचीच

किडनी बसवून घरी आलं की शेजारीपाजारी पहिल्यांदा काय आणून देतात? गुळवेलीचा काढा. देवरुखात माझ्याकडे दोन बाटल्या आल्या होत्या. 'प्रतिकारशक्ती वाढते हो बाई!' ती वाढू नये म्हणून तर मी मूठभर गोळ्या गिळते, हे सांगता सांगता घसा सुकला. नव्याने किडनी बसवलेल्यांनी हे आपल्या घरच्यांनाही वाचून दाखवा.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला ही भानगड हजेरीपटाच्या भाषेत उमगली. आपल्या पेशींच्या अंगावर एचएलए नावाच्या खुणा असतात. त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. रक्तातल्या टी पेशी या खुणा तपासत हिंडतात. पटावर नसलेली खूण दिसली की हल्ला. मला किडनी दिली ती आईने. पण तिच्याकडचे संच दोन, मला मिळालेला एकच. दुसरा माझ्या शरीराला परकाच. देणारी आई आहे, हे टी पेशींना कुठे कळतं!

खरं तर आधी आमचे हे तयार होते. रक्तगट जुळला, पण क्रॉसमॅच, म्हणजे माझं रक्त त्यांच्या पेशींवर हल्ला करतं का ही चाचणी, पॉझिटिव्ह आली. म्हणजे करतं. मुलाच्या वेळी गरोदर असताना त्याच्यातल्या बापाकडच्या खुणा माझ्या शरीराने पाहिल्या आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) करून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, 'म्हणजे संसाराचा राग इतका आत साठवलास?' हसलो सगळे, पण किडनी बाद झाली ती झालीच. म्हणून बायकांनी आपली बाळंतपणं, गर्भपात, डायलिसिसच्या काळात चढवलेल्या रक्ताच्या बाटल्या, सगळं डॉक्टरांना न लाजता सांगावं.

1954 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांचा पट एकच, भांडण कसलं? आपल्याला तशी सोय नाही. आपल्याला गोळ्या, आणि त्या किडनी चालते आहे तोवर.

माझ्या तीन आहेत: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड. नखरे सगळे टॅक्रोचे. सकाळी नऊ, रात्री नऊ. पोट रिकामं तर रोज रिकामंच. केमिस्टने 'तेच औषध आहे, कंपनी वेगळी' म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. टॅक्रोची रक्तातली पातळी तपासायची ती आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी पोटात जाण्याआधी. मी एकदा सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये गेले. आकडा भलताच चढा आला, डॉक्टर डोस कमी करायच्या बेतात होते. 'आज गोळी कधी घेतलीत?' हा त्यांचा प्रश्न नसता तर माझ्या वेंधळेपणापायी किडनी उघडी पडली असती.

आमच्या परड्यात पपनसाचं झाड आहे. त्याच्याकडे आता मी नुसती बघते. पपनस आणि ग्रेपफ्रूट आतड्यात टॅक्रोची मोडतोड होऊ देत नाहीत, पातळी चढते, आणि चढलेली टॅक्रो किडनीलाच बाधते. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं तेच करतात. टीबीचं रिफाम्पिसिन उलट पातळी पाडतं. अंगदुखीला मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेनची गोळी तर वेगळ्याच वाटेने किडनीला मारते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर 'माझी किडनी बसवलेली आहे' हे नाव सांगण्याआधी सांगा.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. आरत्या, जेवणं, भांडी. रात्रीच्या तीन गोळ्या राहून गेल्या. दुखलं-खुपलं काही नाही, लघवीही नेहमीसारखी. किडनी मंदावली की रक्तात चढतं ते क्रिएटिनिन. एरवी 1.2 असणारं ते महिन्याच्या तपासणीत 1.9 निघालं. बायोप्सीत (किडनीचा कण काढून केलेल्या तपासणीत) रिजेक्शन, म्हणजे शरीराने नव्या किडनीवर हल्ला केलेला. तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइड घेतल्यावर ते 1.4 वर आलं, 1.2 पुन्हा दिसलं नाही. म्हणून बरं वाटतंय या भरवशावर रक्ततपासणी चुकवायची नाही. वजन, ब्लडप्रेशर, ताप आणि लघवी रोज वहीत लिहायची. एकदोन दिवसांत वजन किलोभर चढलं, पायावर सूज आली, लघवी कमी झाली, ताप आला किंवा ओटीपोटात नवी किडनी आहे तिथे दुखलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. तेही फोन करूनच विचारायचं.

आणि गोळ्या बसच्या टपावर किंवा डिकीतल्या बॅगेत नकोत, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. माझी तपासणी कोल्हापूरला असते. पावसात आंबा घाटात दरड आली की गाडी साखरप्यातच अडकते. एका दिवसाच्या फेरीला मी चार दिवसांच्या गोळ्या घेऊन निघते.