आयनोड देताना आणि सोडताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलसाठी फाईलसिस्टमचा ड्रायव्हर लिहीत असाल, तर अनलिंकमध्ये (फाईलचं नाव काढणाऱ्या फंक्शनमध्ये) आयनोड, म्हणजे फाईलची नंबर असलेली नोंद, मोकळा करू नका. हे इतक्या जणांना सांगून झालंय, की कोणाचाही ड्रायव्हर तपासायला आला की मी आधी तिथेच बघतो. अनलिंकने डिरेक्टरीतली नोंद काढायची, लिंक काउंट (फाईलला किती नावं आहेत तो आकडा) एकने उतरवायचा, बास. काउंट शून्यावर आला तरी एखादी प्रोसेस ती फाईल उघडून बसलेली असू शकते. शेवटचा आयपुट (आयनोडचा ताबा सोडणं) झाला की व्हीएफएस, म्हणजे कर्नलचा सगळ्या फाईलसिस्टमना सामाईक थर, तुमच्या इव्हिक्ट_आयनोडला (मेमरीतून आयनोड काढणाऱ्या फंक्शनला) बोलावतं. ब्लॉक परत करणं, बिटमॅपमधला (कोणते आयनोड वापरात आहेत त्या तक्त्यातला) बिट पुसणं, सगळं तिथे. आणि बिट पुसायचा तो क्लिअर_आयनोड (मेमरीतला आयनोड संपल्याची खूण) झाल्यावर, सगळ्यात शेवटी.

एका सहकाऱ्याच्या ड्रायव्हरवर लॉग फाईलच्या मधोमध बायनरी कचरा यायचा, तोही बिल्ड चालू असतानाच. दोन दिवस आम्ही पेज कॅशला (मेमरीत ठेवलेल्या फाईलींच्या मजकुराला) शिव्या घातल्या. शेवटी बिट लावतो तिथे एक आणि पुसतो तिथे एक असे दोन प्रिंट-के (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारे) टाकले. आयनोड 37 मोकळा, लगेच 37 पुन्हा वाटलेला, आणि जुना 37 मेमरीत अजून जिवंत! बिल्ड तात्पुरती फाईल उघडून लगेच अनलिंक करायचा (युनिक्सची जुनीच रीत) आणि निवांत तिच्यात लिहीत राहायचा. ब्लॉकही अनलिंकमध्येच सोडलेले, ते नव्या लॉगच्या वाट्याला आलेले.

खरा संताप पुढेच. नवा आयनोड हॅशमध्ये (मेमरीतल्या आयनोडच्या यादीत) घालणाऱ्या इन्सर्ट_आयनोड_लॉक्डला त्याच नंबरचा जिवंत आयनोड तिथे सापडला तर ते ‘बिझी’ एरर देतं. गड्याने आधी तेच वापरलं होतं. “एरर येत होती, म्हणून इन्सर्ट_आयनोड_हॅश घातलं.” ते काहीच तपासत नाही, मुकाट आत घेतं. घरात चोर शिरलाय म्हणून कुत्रा भुंकत होता, याने कुत्र्यालाच हाकललं.

माझा दुसरा राग एरर पाथवर. बिट लावला, मग क्वोटा (वापराची मर्यादा) किंवा एसीएल (परवानग्यांची यादी) फसलं, आणि नुसता आयपुट मारून परत. लिंक काउंट 1 आहे, म्हणजे इव्हिक्टच्या लेखी फाईल जिवंत; बिट तसाच अडकून राहतो. फाईली वाढत नाहीत, पण डीएफ -आय (आयनोड मोजणारी कमांड) मध्ये वापरलेले आयनोड चढत जातात. बिट आपणच लावला असेल तर मी लिंक काउंट शून्य करून डिस्कार्ड_न्यू_आयनोड करतो, बाकीचं इव्हिक्ट बघून घेतं. नंबर आपला नसेलच, म्हणजे वरची ‘बिझी’ एरर आली असेल, तर आधी मेक_बॅड_आयनोड (आयनोडवर ‘निकामी’ असा शिक्का) आणि मग आयपुट. इव्हिक्टमध्येही बॅड आयनोडला हात लावायचा नाही. नाहीतर दुसऱ्याचा बिट पुसून मोकळे व्हाल. आधी ड्रायव्हर चालू दे, एरर पाथ नंतर लिहितो, असं म्हणणाऱ्याने तो नंतर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. ईएक्सटी2 (लिनक्सची जुनी फाईलसिस्टम) मध्ये बिट 0 पासून आणि आयनोड 1 पासून, तेव्हा बिट काढताना आयनोडच्या नंबरातून एक वजा करा. रूट डिरेक्टरी 2 आहे आणि वाटायला सुरुवात साधारण 11 पासून. पहिल्याच नव्या फाईलला 2 मिळाला तर काय होईल ते सांगायला नको. शून्य बिट शोधणं आणि तो लावणं यात फट ठेवू नका: टेस्ट-अँड-सेट (तपासणं आणि लावणं एकाच झटक्यात) करा, हरलात तर पुढचा शोधा. स्पिनलॉक (जे धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरून बिटमॅपचा ब्लॉक वाचायला जाऊ नका, ते वाचन डिस्कची वाट बघत झोपतं. नंबर पुन्हा वापरताना जनरेशन (त्या नंबरचा जुना-नवा वापर वेगळा ओळखणारा आकडा) बदला, नाहीतर एनएफएसचा (नेटवर्कवरून फाईली वापरायच्या व्यवस्थेचा) जुना हँडल भलत्याच फाईलवर जाऊन लिहील. कर्नल 2.6.38 पासून पाथ शोधणं आरसीयूखाली (कुलूप न लावता वाचायच्या पद्धतीने) चालतं, म्हणजे कोणी अजून वाचत असू शकतं, म्हणून आयनोडची मेमरी थेट के-फ्रीने सोडू नका. अनमाउंटनंतर ‘बिझी आयनोड्स’ असा ओरडा आला तर आयपुट कुठेतरी राहिलाय.

चाचणीला मी मुद्दाम मोजक्या आयनोडची इमेज घेतो. ‘जागा नाही’ येईपर्यंत फाईली बनवायच्या, अर्ध्या उघड्या ठेवून सगळ्या उडवायच्या, पुन्हा भरायच्या, मग अनमाउंट करून एफएससीके (फाईलसिस्टम तपासणारी कमांड). मोकळ्या आयनोडचा आकडा एकाने जरी चुकला, तरी मी पुढचा पॅच उघडत नाही.