इंग्लिश खेड्यांची जुनी चित्रकार्डं जमवताय? या चुका टाळा

टपालाचा शिक्का १९०८ चा, म्हणजे फोटोही १९०८ चा. नव्या संग्राहकाची पहिली चूक बहुधा हीच असते आणि माझीही हीच झाली. डेव्हन परगण्यातल्या क्लोव्हेलीचं कार्ड होतं: समुद्राकडे उतरत जाणारी गोट्यांची वाट, पाठीवर ओझं घेतलेलं गाढव, दारात उभी एक बाई. मी वहीत 'क्लोव्हेली, १९०८' अशी नोंद करून मोकळा झालो. वर्षभराने चित्राच्या कोपऱ्यातला बारीक नंबर प्रकाशकाच्या यादीशी ताडून पाहिला, तर निगेटिव्ह १८९० च्या दशकातलं निघालं. त्या दारातली बाई माझ्या नोंदीपेक्षा निदान आठ-नऊ वर्षं आधी तिथे उभी होती.

एका कार्डाला तीन तारखा असतात: फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि टपालात पडलं ती. यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं. इंग्लंडमधल्या रायगेटची, चित्रकार्डं काढणारी फ्रान्सिस फ्रिथ कंपनीच बघा. स्वतः फ्रिथ १८९८ मध्ये वारले, पण कंपनी १९७१ पर्यंत चालली आणि जुन्या निगेटिव्हवरून पुन्हा पुन्हा कार्डं निघत राहिली. खेड्यांच्या जलरंगातल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले ए. आर. क्विंटन १९३४ मध्ये गेले, तरी त्यांची कार्डं नंतरही छापली जात होती. म्हणून कोपऱ्यातला नंबर आधी टिपून घ्या. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या व्हॅलेंटाइन या दुसऱ्या कार्डकंपनीचा मोठा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे आहे, तिच्या कार्डांची ओळख पटवायला त्याचा फार उपयोग होतो.

छपाईचा काळ मात्र पाठीवरून कळतो, त्यामुळे मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय कार्ड घेऊच नका. खासगी चित्रकार्डं टपालाने पाठवायची मुभा ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १८९४ पासून मिळाली. १९०२ पर्यंत मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून त्या काळातला मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने कोंबलेला दिसतो. १९०२ मध्ये मागची बाजू उभ्या रेघेने विभागून एका भागात मजकूर लिहायला परवानगी मिळाली. अर्थात जुनी कार्डं लोक नंतरही वापरत, तेव्हा रेघ नाही म्हणून ते १९०२ पूर्वीच टपालात पडलं असं धरू नका. देशांतर्गत कार्डाला जून १९१८ पर्यंत अर्ध्या पेनीचं तिकीट पुरायचं, पुढे एक पेनी झाली. इथेही एक मेख आहे: परदेशी जाणाऱ्या कार्डाला आधीपासूनच एक पेनी लागत असे. मुंबईला आलेल्या कार्डावर पेनीचं लाल तिकीट दिसलं म्हणून ते १९१८ नंतरचं ठरवाल तर फसाल.

दुसरी फसगत कागदाची. 'खरा फोटो' (म्हणजे थेट फोटोच्या कागदावर उतरवलेलं) म्हणून विकलेलं कार्ड दहापट भिंगाखाली धरा. आकाशाच्या भागात शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर ती छपाई आहे. खऱ्या फोटोत छटा सलग उतरत जाते आणि जुन्या प्रतीच्या गडद भागांवर कधी कधी चांदीसारखी झाक चढलेली असते. अंधारात अतिनील टॉर्च मारल्यावर कागद निळा-पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा समजा. पण चमकला नाही, एवढ्यावरून तो जुना ठरत नाही.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो सुंदर दिसणाऱ्या कार्डांवर. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही जुन्या घरांची ओळ, कॅसल कूम गावाचा पूल, क्लोव्हेलीची उतरण ही कार्डं तेव्हा सहलीला आलेल्यांनी भरभरून घेतली, म्हणून आजही ती ढिगाने मिळतात. दुर्मिळ असतं ते आडगावच्या फोटोग्राफरने काढलेलं कार्ड: लोहाराचं दुकान, शाळेसमोर रांगेत उभी मुलं, गवताने शाकारलेलं घर आणि त्याचं छप्पर दुरुस्त करणारा माणूस. अशा कार्डाच्या मोजक्याच प्रती निघत. डॉर्सेटमधलं टाइनम डिसेंबर १९४३ मध्ये लष्करासाठी रिकामं केलं, गावकरी परत राहायला आलेच नाहीत. त्या गावाच्या रस्त्याचं साधं, पुसट कार्डही मला दहा देखण्या कार्डांपेक्षा मोलाचं वाटतं.

गावाचं नाव परगण्यासकट तपासा. नॉर्टन, सटन, वेस्टन ही नावं तिकडे पैशाला पासरी. त्यात १९७४ मध्ये सीमा बदलल्या. अफिंग्टन तेव्हा बर्कशरमध्ये होतं, आता ऑक्सफर्डशरमध्ये आहे, म्हणून शोधताना दोन्ही नावं घालून बघा.

तिकीट वाफेवर सोडवू नका. छोट्या गावाच्या पोस्टाचा गोल, स्वच्छ शिक्का कधी कधी चित्राइतकाच किमती असतो, आणि तिकीट काढलं की त्याचा अर्धा भाग जातो. अल्बमला डिंकाने चिकटलेलं कार्डही ओढू नका, भोवतीचं पान कापून तसंच ठेवा.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जूनमध्येच कार्डं सादळतात, वाकतात, मग बुरशी धरते आणि कसर लागते. कार्डं ठेवायचे स्वस्त पीव्हीसी प्लॅस्टिकचे खिसे कालांतराने चिकट होतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. बुरशी दिसलीच तर ते कार्ड आधी वेगळं काढा, सावलीत वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या आणि मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर डाग आत मुरतो.

नोंद कार्डावर करू नका, पेन्सिलनेसुद्धा नाही. खिशात मागे एक चिठ्ठी घाला आणि तिच्यावर तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा. माझ्या क्लोव्हेलीच्या चिठ्ठीवर पहिली आणि तिसरी ओळ भरली आहे. मधली, छपाईची, अजून कोरी आहे.