लहान दवाखान्यात रुग्णाची गोपनीयता आणि केसपेपर कसे सांभाळावेत

गोपनीयता म्हटले की आपल्याला प्रथम कपाटाचे कुलूप आठवते. माझ्या मते आरंभ बाहेरच्या बाकापासून करावा. दोन खोल्यांच्या दवाखान्यात नंबर लावणारी व्यक्ती "कशासाठी आलात?" असे मोठ्याने विचारते, उत्तर बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाते आणि त्यांतले एकदोघे तरी रुग्णाच्याच गल्लीतले असतात. हा प्रश्न बाहेर विचारणे पूर्ण बंद करावे. बाहेर फक्त नाव, वय आणि जुना केसपेपर असल्यास त्याचा क्रमांक घ्यावा. तक्रार आतच सांगू द्यावी. तपासणीच्या खोलीला नुसता पडदा असेल तर दार बसवून घ्यावे, आणि ते जमेपर्यंत बाहेरचे बाक दोन हात दूर सरकवावे. गर्दीच्या वेळी पुढच्या रुग्णाला आधीच आत आणून बसवण्याची आपल्याकडची रीत सोयीची आहे हे मान्य, तरी ती मोडलीच पाहिजे. तसेच रक्त-लघवीचे रिपोर्ट टेबलावर एका गठ्ठ्यात ठेवून "तुमचा शोधून घ्या" असे सांगू नये. ज्याचा त्याला, बंद पाकिटात द्यावा.

याहून अवघड प्रश्न नातेवाइकांचा. "आईला काही सांगू नका, जे काय असेल ते मला सांगा" असे म्हणणारा मुलगा वाईट हेतूने बोलत नसतो, पण आई सज्ञान आणि शुद्धीवर असताना तिच्या आजाराची माहिती कोणाला द्यायची हे तिनेच ठरवायचे असते. म्हणून पहिल्याच भेटीत, सोबतच्या माणसांना क्षणभर बाहेर बसवून, "तुमच्याबद्दल घरात कोणाशी बोललेले चालेल?" असे विचारावे आणि ते नाव व फोन क्रमांक केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून रुग्णाची सही घ्यावी. फोनवर चौकशी आली तर लगेच उत्तर न देता नोंदवलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा. गर्भपाताच्या बाबतीत तर चुकून निघालेला शब्दही महागात पडतो: १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये घातलेल्या कलम ५-अ नुसार, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणाला त्या स्त्रीचे नाव वा तपशील सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला पतीची संमती हा कायदा मागत नाही, त्यामुळे पती किंवा सासूबाई विचारायला आल्या तरी उत्तर बदलत नाही.

माहिती द्यावीच लागते असे प्रसंग थोडे आहेत आणि ते कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असावेत. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी तीन अपवाद मानले आहेत: न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले आजार. (या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित करून २००२ चेच नियम पुन्हा लागू केले.) क्षयरोगाचा रुग्ण शासनाला कळवणे २०१२ पासून सक्तीचे आहे, त्याच रुग्णाच्या घरमालकाला किंवा कामावरच्या मुकादमाला कळवणे हा मात्र नियमभंग आहे. एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा असून रुग्णाच्या संमतीविना त्याची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभाही आधी रुग्णाचे समुपदेशन करून आणि आपला हेतू त्याला कळवून मगच वापरायची असते. पोलिसांनी कागद मागितले तर मागणी लेखी घ्यावी, मागितले तेवढेच द्यावे आणि काय दिले याची पोच ठेवावी.

आता कागदांविषयी. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षे ठेवणे याच २००२ च्या नियमांनुसार आवश्यक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागद द्यावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात, गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट केले होते. तरी "हे आमच्या दवाखान्याचे रेकॉर्ड आहे" हे उत्तर आजही ऐकू येते. अर्ज आला की त्यावर तारीख आणि वेळ घालून पोच द्यावी, मूळ प्रत आपल्याकडे ठेवून झेरॉक्स द्यावी आणि घेणाऱ्याची सही नोंदवहीत घ्यावी. मेडिक्लेम कंपनीचा माणूस परस्पर आला तर रुग्णाच्या सहीचे संमतिपत्र पाहिल्याशिवाय फाईल उघडू नये. लिहिण्यात चूक झाली तर व्हाइटनर लावू नये. एक रेघ ओढून बाजूला बरोबर मजकूर, सही आणि तारीख घालावी, म्हणजे मूळ शब्दही वाचता येतो आणि पुढे कोणी शंका घेतली तरी सांगण्यासारखे काही राहते.

मोबाइलने हे काम सोपेही केले आणि बिघडवलेही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी एक्स-रेचा फोटो पाठवताना कोपऱ्यातले नाव झाकावे, व्यक्तिशः पाठवावा, डॉक्टरांच्या शंभर जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. संगणकाचा पासवर्ड प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा असावा आणि काम सोडून गेलेल्याचा त्याच दिवशी बंद करावा. रुग्णाचा चौदा अंकी आभा क्रमांक (म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) घेतला म्हणजे त्याचे सगळे जुने कागद पाहण्याची परवानगी मिळाली असे होत नाही; ती संमती त्याच्याकडून वेगळी मिळवावी लागते.

मुदत संपलेले केसपेपर रद्दीवाल्याला किलोवर देऊ नयेत, कारण त्याच कागदाच्या पुडीत उद्या कोणाला तरी शेंगदाणे मिळतील आणि पुडीवर आजाराचे नाव असेल. आधी ज्यांचा दावा, विमा किंवा पोलीस प्रकरण चालू आहे असे कागद बाजूला काढावेत, उरलेल्यांच्या क्रमांकांची यादी करून तिच्यावर तारीख व सही घालावी, आणि मग ते स्वतःच्या देखरेखीखाली यंत्राने बारीक कापून टाकावेत. यादी मात्र जपून ठेवावी. कोणी पाच वर्षांनी आपला कागद मागायला आला तर त्याला दाखवायला तीच उपयोगी पडते.